भाता, तरकश आणि आम्ही

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत इतिहासाचे प्रदर्शन भरवायचे ठरले. शाळा उर्दू माध्यमाची, जुन्या नाशकातील. खोल्या लहान, मुले जास्त आणि पैसा नाही, अशी एकंदर परिस्थिती. सातवीच्या वर्गाकडे 'आपल्या जिल्ह्यातला शिकारी' हा विषय आला. एका मुलालाच धनुष्यबाण देऊन शिकारी म्हणून उभे करायचे आणि बाजूला माहितीचा तक्ता लावायचा, असे ठरले. धनुष्य सहज झाले. अडले ते भात्यापाशी.

तीन दिवसांत तीन भाते तयार होऊन आले. पहिला प्लास्टिकच्या पाइपाचा. त्याला सोनेरी कागद चिकटवलेला आणि पाठीवर बांधायला नाडी. दूरदर्शनवर पाहिला तसाच. दुसरा लाल रेक्झिनचा, चपटा, कमरेला लटकवायचा. एका मुलाचे वडील मोटारींच्या सीटची कव्हरे शिवतात. त्यांनी पुस्तकातले मोगली चित्र पाहून उरलेल्या तुकड्यांतून तो शिवून दिला होता. तिसरा बांबूच्या चटईचा. दोन मुलांनी एका बुरूड काकांकडे बसून तो विणून घेतला होता. आम्ही वर्गाला विचारले, आपल्या शिकाऱ्याला यांतला कोणता द्यायचा? वर्गात गलका झाला. त्या गलक्यात एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, इनमें अपना तरकश कौनसा है?"

आम्ही विचारले होते, शिकारीला सोयीचा कोणता? तिने विचारले, आपला कोणता? तिच्या मनात काय होते हे ओळखायला आम्हाला वेळ लागला नाही. पाठीवरचा भाता 'त्यांचा', कमरेचा लाल तरकश 'आपला' आणि बांबूचा भाता तर कुणाचाच नाही, जंगलातल्या माणसांचा. अशी वाटणी तिच्या डोक्यात आधीच झालेली होती. ती तिने स्वतः केलेली नव्हती. ती मोठ्यांनी केलेली होती आणि त्या मोठ्यांत आम्ही शिक्षकही आलोच. तेव्हा तिला घाईने उत्तर देण्यापेक्षा आधी आपण स्वतः थोडे शोधावे, असे आम्ही ठरवले. त्या शोधात जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत भाता म्हणजे बाण ठेवण्याची पिशवी आणि भाता म्हणजे लोहाराचा भाताही. दोन्ही वस्तू मुळात कातड्याच्या पिशव्याच. संस्कृतात 'भस्त्रा' म्हणजे कातडी पिशवी. त्यातून भाता आला असे मानले जाते. राजवाड्यात बोलले जाणारे संस्कृत शब्द वेगळे. तूणीर, इषुधी, निषंग. पण सामान्य माणसाच्या तोंडी राहिला तो चांभाराच्या आणि लोहाराच्या घरातला शब्द.

आमचा तरकश फारसीतून आला. तीर आणि कश मिळून तीरकश, आणि त्याचा झाला तरकश, अशी त्याची फोड करतात. हा शब्द फार फिरलेला आहे. तो पूर्वेकडे उर्दूत आणि हिंदीत आला, तसा पश्चिमेकडे ग्रीकांच्या तोंडून इटलीत आणि फ्रान्समध्येही गेला. फ्रेंच भाषेत भात्याला आजही जो 'कार्क्वा' हा शब्द आहे, तो याच तरकशचा दूरचा वंशज. एखादा शब्द इतक्या देशांत राहून आला असेल तर तो एकट्या कुणाचा म्हणायचा?

अरबीत भात्याला 'किनाना' म्हणतात. वाचकांपैकी अनेकांना हे नाव वेगळ्या संदर्भात माहीत असेल. कुरैश ज्या मोठ्या वंशाची शाखा, तो वंश बनू किनाना, आणि किनाना हे हुजूर पैगंबरांच्या पूर्वजांपैकी एकाचे नाव. इजिप्तचे लोक आपल्या देशाला प्रेमाने 'भात्याची भूमी' म्हणतात तेव्हा हाच शब्द वापरतात. उहुदच्या लढाईत, इ. स. ६२५ मध्ये, हजरत साद बिन अबी वक्कास बाण सोडत होते, तेव्हा पैगंबरांनी स्वतःचा भाता त्यांच्यापुढे रिकामा केला, असे बुखारीच्या हदीसमध्ये आले आहे. तेव्हा भाता ही वस्तू आमच्या धार्मिक स्मरणातही आहे. पण ती दागिना म्हणून नव्हे, कामाची वस्तू म्हणून.

आता पाठीवरच्या भात्याकडे येऊ. आमच्या शाळेपासून गोदावरीचा पूल ओलांडला की पंचवटी. रामायणातील अरण्यकांडात अगस्त्य ऋषी रामाला धनुष्य देतात आणि त्याबरोबर बाण कधीही न संपणारे दोन भाते देतात. महाभारतात अर्जुनालाही गांडीवाबरोबर असेच दोन अक्षय भाते मिळतात. दोन हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कॅलेंडरच्या चित्रांनी आणि १९८७ सालच्या दूरदर्शन मालिकेने आपल्या डोळ्यांना एकाच भात्याची सवय लावली. याचा अर्थ पाठीवरचा भाता खोटा असा मात्र नाही. सांचीच्या स्तूपावरील लढाईच्या शिल्पांत पायदळाच्या तिरंदाजांच्या पाठीवर पट्ट्यांनी आवळलेले भाते दिसतात. पायी चालणाऱ्या आणि उभे राहून बाण सोडणाऱ्या सैनिकाला तो सोयीचा होता.

नाशिकचा बाणाशी असलेला संबंध तर दगडावर कोरलेला आहे. पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचे वर्णन तिने त्यात अद्वितीय धनुर्धर असे करवले आहे. ज्याचा पराभव करून गौतमीपुत्राने हा प्रदेश घेतला, तो क्षहरात राजा नहपान परक्या शक कुळातला. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला बाण आणि वज्र आहे. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावी या नाण्यांचा १३ हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांतील बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला आहे. नाणे नहपानाचे, शिक्का सातकर्णीचा. खालचा बाण मात्र अनेक नाण्यांवर अजून डोकावतो.

आम्ही ही नाण्यांची हकीकत वर्गात सांगितली तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, फिर वो सिक्का किसका?" आम्ही म्हटले, ज्याने भाजी घेताना दिला त्याचा. मुले हसली. पण दोन हजार वर्षांपूर्वी नाशकातला माणूस हे नाणे हातात घेऊन बाजारात जात होता, तेव्हा त्याने हा बाण आपला की परका असे विचारले नसावे.

मोगल काळात नाशिकचे नाव गुलशनाबाद होते. त्या काळातला तरकश आपण लघुचित्रांत पाहतो. चपटा, वर रुंद आणि खाली निमुळता, मखमलीचा किंवा कातड्याचा, त्यावर जरीचे काम, आणि उजव्या कमरेला तिरका लटकवलेला. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजल यांनी बादशाही शस्त्रागारातील हत्यारांची यादी दिली आहे. तीत धनुष्य आणि बाणाबरोबर तरकशही आहे. चित्र पाहून वाटते की ही सारी शोभा. पण तो कमरेला का आला, याचे उत्तर घोड्यात आहे. भरधाव घोड्यावर पाठीवरच्या भात्यातले बाण उसळून खाली पडतात. शिवाय हात खांद्यामागे नेऊन बाण काढायचा तर स्वाराची नजर आणि तोल दोन्ही ढळतात. कमरेचा भाता स्वाराच्या हाताशी असतो. मध्य आशियातून आलेल्या या पद्धतीत दोरी अंगठ्याने ओढतात. अंगठा कापू नये म्हणून त्यात 'जिहगीर' ही अंगठी घालतात. बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला लावायचा असतो. उजव्या कमरेवरून उचललेला बाण थेट तिथेच पोचतो. एका हालचालीत काम होते. सतराव्या शतकात हिंदुस्थानात राहिलेला फ्रेंच वैद्य बर्निये याने लिहून ठेवले आहे की बंदूकवाला दोनदा बार काढीपर्यंत घोडेस्वार सहा बाण सोडतो. ही गती केवळ दंडाची नाही, तरकश कुठे लटकवला आहे याचीही आहे.

हे तरकश शिवले कुणी? त्यांचे कातडे कुणी कमावले, बाणांची टोके कुणी घडवली, धनुष्याला शिंग आणि स्नायू सरसाने कुणी चिकटवले? आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत बादशहांची नावे पाठ करावी लागतात, या माणसांची नावे नसतात. ती राहिली आहेत आडनावांत. कमानगर म्हणजे धनुष्य करणारा. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि चकाकी देणारा. कच्छमध्ये कमानगर मुसलमान कारागीर धनुष्ये रंगवत असत. धनुष्याची मागणी संपल्यावर त्यांनी तोच कुंचला वाड्यांच्या भिंतींवर चालवला. आज 'कमानगरी' या नावाने ओळखली जाणारी चित्रकला तीच. धंदा बुडाला, नाव राहिले आणि हाताने दुसरे काम शोधले. सीटची कव्हरे शिवणारे आमच्या विद्यार्थ्याचे वडील याच रांगेतले आहेत, असे आम्ही मानतो.

मराठेशाहीतही हत्यारांच्या बोलीत फारसीची मोठी भर होती. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी 'राज्यव्यवहारकोश' तयार केला, त्यात हत्यारांसाठी 'शस्त्रवर्ग' हा स्वतंत्र विभागच करावा लागला. तिरंदाज हा शब्द तर मराठी माणसाला परका वाटत नाही. मुंबईत पवईजवळच्या एका जुन्या गावाचे नावच तिरंदाज आहे.

मात्र शिंग, स्नायू आणि सरस यांच्या या उत्तम धनुष्याला एक शत्रू होता, तो म्हणजे दमट हवा. सरस ओलाव्याने सैल पडतो. मखमलीचा तरकश भिजला की जड होतो आणि बाणांची पिसे चिकटून बसतात. दिल्ली-आग्र्याच्या कोरड्या हवेत जे चालते, ते पेठ-सुरगाण्याच्या पावसात चार महिने टिकणे कठीण. तिथे दुसरीच वस्तू हवी होती. ती आधीपासून तिथे होतीच.

आता तिसऱ्या भात्याकडे वळू, ज्याला आमचा वर्ग कुणाचाच नाही असे समजत होता. नाशिक जिल्ह्यात बागलाण, मालेगाव, सिन्नर, दिंडोरी या भागांत भिल्ल समाज आहे. त्यांच्या नावाचा संबंध काही अभ्यासक द्राविडी भाषांतील 'विल्' म्हणजे धनुष्य या शब्दाशी लावतात. भिल्लाचे धनुष्य, म्हणजे कामठा, बांबूचे. नवल असे की त्याची दोरीही बांबूच्याच सालीची पातळ पट्टी असते. इंग्रजांच्या काळातल्या नोंदींत भिल्लांच्या भात्याचे वर्णन आहे. मजबूत बांबूच्या चटईचा भाता आणि त्यात सुमारे ६० बाण, प्रत्येक बाण वारभर लांब. टोके दोन प्रकारची, सुरीसारखी चपटी किंवा खिळ्यासारखी गोल. पाखरे मारायचे बाण वेगळे. त्यांना टोकाऐवजी गाठीसारखा बोथट गोळा.

या वर्णनाकडे शिकाऱ्याच्या नजरेने पाहा. चटईच्या विणीतून हवा खेळते, म्हणून ओले बाण वाळतात. वजन जवळजवळ नाही. फाटला तर जंगलातच दुरुस्त होतो. सारे सामान एकाच झाडापासून, दुकानात जाण्याची गरज नाही. ज्याला रोजच्या भाकरीबरोबर कालवण मिळवायचे आहे, त्याने पिढ्यान्‌पिढ्या चुका सुधारत निवडलेला हा भाता आहे. बादशहा शिकारीला निघाला की त्याच्याबरोबर रान उठवणारे हाकारे, नोकर आणि हत्यारे वाहणारे चालत. त्याचा तरकश देखणा असला तर बिघडत नव्हते. भिल्लाला एकट्याला चालायचे होते.

हा भाता हिसकावला गेला, त्याचा इतिहास आमच्या जिल्ह्याला माहीत असायला हवा. १८१८ साली पेशवाई संपली आणि खानदेश-नाशिकच्या डोंगरांत इंग्रजांची गाठ भिल्लांशी पडली. १८२५ साली जेम्स औट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. ज्यांच्या हाती कामठा होता त्यांच्या खांद्यावर बंदूक आली, आणि त्यांनाच डोंगरातल्या भाऊबंदांवर पाठवण्यात आले. तरीही सगळे शांत झाले नाहीत. १८५७ च्या ऑक्टोबरमध्ये सिन्नरजवळ नांदूर शिंगोटे येथे भागोजी नाईक यांच्या भिल्लांनी इंग्रज पोलीस अधिकारी हेन्री याला ठार केले. भागोजी दोन वर्षे हाती लागले नाहीत. १८५९ साली सिन्नर तालुक्यातच लढताना ते मारले गेले. १८५७ चा इतिहास शिकवताना आम्ही मीरत, दिल्ली, झाशी आणि लखनौपर्यंत जातो. नांदूर शिंगोटे आमच्या बसच्या रस्त्यावर आहे, तिथे थांबत नाही.

मग १८७८ साल आले. त्या वर्षीच्या शस्त्र कायद्याने 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या केली. तीत बंदूक, संगीन, तलवार, खंजीर, भाला यांच्या पंगतीत धनुष्य आणि बाणही बसवले. कालपर्यंत जे पोट भरण्याचे साधन होते, ते कायद्याच्या पुस्तकात तोफेच्या शेजारी गेले. योगायोग असा की त्याच १८७८ साली आमच्या जिल्ह्यातले पेठ संस्थानही संपले. पेठचे दळवी घराणे मूळचे हिंदू. औरंगजेबाच्या काळात त्यांनी इस्लाम स्वीकारला. शेवटच्या बेगमसाहेबांच्या मृत्यूनंतर पेठ नाशिक जिल्ह्याचा तालुका झाला. म्हणजे ज्या डोंगरांत आदिवासी तीरकामठा घेऊन हिंडत होते, त्या डोंगरांवर एक मुसलमान घराणे राज्य करीत होते. आमच्या वर्गातल्या एकाही मुलाला हे माहीत नव्हते. खरे सांगायचे तर हे शोधण्याआधी आम्हालाही ते धड माहीत नव्हते.

आणि आता त्या मुलीच्या प्रश्नाचा गाभा. नाशिकच्या पलीकडे जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपडा हे सातपुड्याच्या पायथ्याचे तालुके आहेत. तिथे तडवी भिल्ल राहतात. तडवी धर्माने मुसलमान आणि जमातीने भिल्ल. शासनाच्या अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. त्यांच्या घरी नमाज आहे आणि पूर्वजांच्या हाती कामठा आहे. मग बांबूचा तो भाता कुणाचा? 'आपला' आणि 'त्यांचा' अशी जी रेघ आमच्या वर्गाने तीन भात्यांमध्ये ओढली होती, ती तडवींच्या अंगणात गेल्यावर पुसून जाते. आम्ही मुसलमान म्हणजे केवळ मोगलांचे वारस, असे कुणी म्हणते तेव्हा आम्हाला राग येतो. पण आमच्याच मुलांनी लाल तरकशाकडे बोट दाखवून 'हा आपला' म्हटले, तर आम्ही सुखावतो. हे दोन्ही एकाच चुकीचे प्रकार आहेत, हे आम्ही कबूल केले पाहिजे.

हे सारे वर्गात बोलून झाल्यावर आम्ही मुलांना म्हटले, आता भाता निवडू, आणि निवडू तो शिकाऱ्यासारखा. शाळेच्या मागे कडुनिंबाची दोन झाडे आणि घाणेरीची वाढलेली झुडपे आहेत. टोकांना रबर लावलेले बांबूच्या कामट्यांचे बाण तिन्ही भात्यांत भरले आणि तीन मुलांना त्या झुडपांतून वाकत वाकत जायला सांगितले. पाठीवरच्या भात्याची वरची बाजू फांदीत अडकली आणि मुलगा खाली वाकताच सगळे बाण त्याच्या डोक्यावरून पुढे सांडले. कमरेचा तरकश सायकलवर फार छान चालला. दोन मुलांनी तो बांधून मैदानाला फेऱ्या मारल्या, एकही बाण पडला नाही. पण झुडपात तो मांडीवर आपटत राहिला. बांबूचा भाता काखेखाली दाबून नेता आला, म्हणून तो कुठे अडकला नाही. मात्र त्यात बाण एकमेकांवर खडखडत होते. एवढ्या आवाजाने ससा तालुका सोडून जाईल, असे एक मुलगा म्हणाला. मग एका मुलीने तळाशी वाळलेले गवत कोंबले, आवाज थांबला. शिकाऱ्याचा भाता निवडताना काय पाहायचे, हे मुलांनी अर्ध्या तासात स्वतःच शोधले. तो अडकू नये, वाजू नये, बाण सांडू नयेत, पिसे भिजू नयेत आणि हात न शोधता बाणापर्यंत पोचावा.

यात एक गोष्ट राहिली होती, ती आम्ही जोडली. बाणाचे टोक झाकलेले असावे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हाताने धरावीत, म्हणजे कुणाला इजा होणार नाही, अशा अर्थाची हदीस बुखारीत आहे. भात्याचे पहिले काम हेच. बाण शिकारीसाठी तीक्ष्ण ठेवायचा, पण वाटेतल्या माणसासाठी तो निरुपद्रवी करायचा. अमेरिकेत आजही धनुष्याने शिकार करण्याचा छंद आहे. तिथले अनेक शिकारी भाता धनुष्यालाच जोडतात. त्यात चार-सहा बाण रबराच्या खाचेत घट्ट बसतात, म्हणून वाजत नाहीत, आणि पात्यांवर टोपीसारखे झाकण असते. त्याने धनुष्य जड होते, पण झाडीत काही अडकत नाही. सामान बदलले, पण कसोट्या आमच्या मुलांनी घाणेरीच्या झुडपात काढल्या त्याच राहिल्या.

आपल्याकडे शिकारीचा प्रश्न आता उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे, आणि ती असायला हवी. रानेच इतकी उरली नाहीत की त्यांत कुणी बाण घेऊन हिंडावे. शिकार करतानासुद्धा मर्यादा असते हे आमच्या धर्मानेही शिकवले आहे. अल्लाहचे नाव घेऊन बाण सोडावा, आणि बाण लागलेले जनावर पाण्यात बुडालेले सापडले तर ते आपल्याच बाणाने मेले याची खात्री नसल्याने खाऊ नये, असा दंडक हजरत अदी बिन हातिम यांच्या हदीसमध्ये आहे. संशयाचे खाऊ नये, ही शिकवण इतिहासालाही लागू पडते.

बाण मात्र संपला नाही. तो खेळात आला. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या अवघ्या १७ व्या वर्षी विश्वविजेती झाली आणि नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत विश्वविजेता झाला. आम्ही त्यांची छायाचित्रे वर्गात आजही दाखवतो. मुले लगेच ओळखतात, भाता कमरेला आहे! मोगल स्वाराच्या कमरेवरून तो साताऱ्याच्या शाळकरी मुलीच्या कमरेवर आला, आणि 'हा तुमचा' असे तिला कुणी म्हणाले नाही. हाताला जवळ पडतो म्हणून तो तिथे आहे, एवढेच.

प्रदर्शनात आमच्या शिकाऱ्याच्या खांद्याला बांबूचा भाता होता, तळाशी गवत घातलेला. कारण विषय होता आपल्या जिल्ह्यातला शिकारी, आणि आपल्या जिल्ह्यात खरोखर पोटासाठी शिकार करणारा माणूस तोच वापरीत होता. दुसरे दोन भाते टेबलावर ठेवले. त्यांच्यापुढे त्या मुलीने आपल्या वळणदार उर्दूत आणि थोड्या अडखळत्या मराठीत दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एकीवर 'पायी लढणाऱ्याचा', दुसरीवर 'घोड्यावरच्या माणसाचा'. शिकाऱ्याच्या पायाशी तिसरी चिठ्ठी, 'जंगलात एकट्या चालणाऱ्याचा'. 'आपला' हा शब्द तिने कुठेच लिहिला नाही. आम्ही त्याबद्दल तिला काही विचारले नाही.

तिच्या शेजारी एक मुलगा बसत असे. त्याचे आडनाव शिकलगार. प्रदर्शनानंतर हजेरी घेताना आम्ही त्याचे नाव घेतले तेव्हा तो "हाजिर" म्हणाला आणि मग थांबून म्हणाला, "सर, बाण की नोक को धार हमारे लोग देते थे ना?" आम्ही म्हटले, "हो, बेटा, देत होते." आमच्या हजेरीपटात अत्तार आहेत, मणियार आहेत, तांबोळी, बागवान, पिंजारी आणि मोमीन आहेत. रोज सकाळी आम्ही ती नावे वाचतो. या जिल्ह्याचा अर्धा इतिहास त्या वहीत लिहिलेला आहे, आणि इतकी वर्षे आम्ही त्यासमोर फक्त हजर की गैरहजर एवढेच लिहीत आलो.